कुसुमताईंचा संध्याकाळचा कोर्स

आमच्या कारखान्याला फोन करणाऱ्या माणसाला कामाचं बोलायच्या आधी स्वतःच्या तब्येतीबद्दल ऐकून घ्यावं लागे. "जरा परचेसला द्या," असं पलीकडून कोणी म्हटलं की टेलिफोन बोर्डावर बसलेल्या कुसुमताई नाखवा म्हणायच्या, "देते हं. पण आपला आवाज फार बसलाय. मिठाच्या गुळण्या करा आणि थंड काही घेऊ नका." मग जोडून द्यायच्या. मुंबईच्या हेड ऑफिसमधल्या एका बड्या साहेबांना त्यांनी एकदा विचारलं, "आपल्याला धाप लागलीये, जिना चढून आलात का?" साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी आमच्या मॅनेजरकडे तक्रार केली. पण ती फोनवर केली, म्हणजे तीही कुसुमताईंनीच जोडून दिली. नंतर मला म्हणाल्या, "तक्रार करतानाबी धाप होतीच, कर्णिकभाऊ. जिन्याचा काय संबंध नाय त्यात."

त्यांच्या दोन भाषा होत्या. कानाला हेडफोन असेपर्यंत त्या आकाशवाणीवरच्या बाईंसारखं बोलायच्या. हेडफोन काढून खुंटीला अडकवला की करंजाच्या कोळीवाड्यातल्यासारखं. त्यांचे वडील तिथले तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, आई बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहणारी, आणि या घरातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणजे कुसुमताई. लग्न होऊन त्या रोडपालीला आल्या. नवरा दामोदर नव्या बंदरात कामाला होता. मुलगी शाळेत जात होती. आणि कुसुमताई पनवेलजवळच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात बारा महिने एकाच खुर्चीवर बसून सगळ्या जगाचे खोकले ऐकत होत्या.

मी त्याच कारखान्यात डिस्पॅचला होतो. माझ्या आणि त्यांच्या मध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत होती. ट्रक भरेपर्यंत मी वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचायचो, त्यामुळे कारखान्यात माझ्याबद्दल एक गैरसमज होता. पुस्तकं वाचणाऱ्याला रेशनकार्ड, पित्त, जमिनीचे कज्जे आणि मुलांचे कोर्स या सगळ्यातलं कळतं असं लोक धरून चालतात. कुसुमताईही त्या गैरसमजातूनच एका दुपारी डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "कर्णिकभाऊ, मना नर्स व्हायचा हाय."

हे एकोणीसशे नव्वदच्या आसपासचं. कारखान्यात आपोआप चालणारं टेलिफोन एक्स्चेंज येणार, असं ठरलं होतं. त्याची पेटी येऊनही पडली होती. तिला हार घालून, नारळ फोडून, मॅनेजरसाहेबांनी 'एकविसावं शतक' या विषयावर चार शब्द बोलून झाले होते. पेटी जोडणारा माणूस मात्र पुण्याहून यायचा होता आणि तो येत नव्हता. ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी कुसुमताईंची खुर्ची जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पेढे वाटायचं काम त्यांनाच दिलं होतं.

"दुसरी नोकरी शोधा की," मी म्हटलं. "नर्सच का?"

"माझी आय गेली तवा मी दवाखान्यात होतो तिच्याजवल. तिथं एक नर्स होती. ती आली का आय गप पडायची. औशध देऊन नाय, नुसती आली का." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मना तसा करता येल असा वाटतो. येल का नाय त्ये शिकल्याबिगर कसा कलनार?"

अडचण एवढीच होती की हे सगळं त्यांना संध्याकाळी शिकायचं होतं. एक्स्चेंज जोडलं जाईपर्यंत पगार सोडता येत नव्हता, आणि फी अशी हवी होती की मुलीच्या शाळेच्या आड येणार नाही. शिवाय वय पस्तिशीकडे चाललेलं. मी पुस्तकी आत्मविश्वासाने म्हटलं, "चौकशी करू." त्या दिवसापासून आम्हा दोघांचा जो गोंधळ सुरू झाला तो पुढे बराच काळ टिकला. ज्याला विचारावं तो नवीनच काहीतरी सांगे. अकाउंट्सचे एक गृहस्थ म्हणाले, संध्याकाळचं नर्सिंग फक्त पुरुषांसाठी असतं. कँटीनवाला म्हणाला, त्याची मेव्हणी पोस्टाने नर्स झाली. मी सोमवारी एक सल्ला द्यायचो आणि गुरुवारी त्याच्या उलट, दोन्ही वेळा तितक्याच गंभीरपणे.

शेवटी एक रजा टाकून आम्ही अलिबागला गेलो. कुसुमताई, दामोदर आणि मी. एका सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात आम्ही योग्य माणसापर्यंत पोचलो. तो चहा पीत होता.

"संध्याकाळचं नर्सिंग?" तो म्हणाला. "बाई, नर्सिंग म्हणजे काय भजनी मंडळ आहे? पूर्ण वेळचा कोर्स असतो. होस्टेलात राहायचं. नोकरी सोडायची. आणि वयाची अट आहे, तुम्ही आता जेमतेम बसताय. पुढच्या वर्षी बसणार नाही."

"आनी पोरीला?"

"पोरीला होस्टेलात घेत नाहीत."

हा त्या सगळ्या चौकशीतला एकमेव माणूस, ज्याला विषयाची माहिती होती. त्यामुळेच आम्ही त्याच्यावर फार चिडलो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, थोडा वेळ किनाऱ्यावर बसू. दामोदर समुद्राकडे पाठ करून बसला. "सुट्टीच्या दिवशीबी ह्योच बघायचा का?" तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "तुजा तू ठरव. जेवन मी करीन. पोरगी मी बघीन. पन रोज रोज मना इचारू नको, माझा डोका फिरतो."

मग संध्याकाळच्या दोन जागा कळल्या.

पहिली जागा पनवेलच्या बाजारात, बॅटरी चार्जिंगच्या दुकानावर. तिच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द होता. जिना मात्र एका वेळी एकाच माणसापुरता. तिथल्या डायरेक्टर सरांच्या नावामागे 'डॉक्टर' होतं, पण ते कशातले यावर पनवेलमध्ये एकमत नव्हतं. काहींच्या मते होमिओपॅथीतले, काहींच्या मते इतिहासातले. त्यांनी आम्हाला थंड पेय पाजलं, भिंतीवरच्या फोटोंतल्या मोठ्या माणसांची ओळख करून दिली, आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या डिप्लोमाला आखातात मागणी आहे. तुमच्यात मला एक उत्तम परिचारिका दिसतेय." खुर्चीत बसल्यापासून कुसुमताई एक अक्षर बोलल्या नव्हत्या, तेव्हा हे त्यांना कशावरून दिसलं कळायला मार्ग नव्हता. सरकारी मान्यतेचं मी विचारलं. "प्रोसेसमध्ये आहे," सर म्हणाले. हे वाक्य त्या काळी नवीन होतं, आणि मला ते चक्क उत्तर वाटलं.

दुसरी जागा एका ट्रस्टचा छोटा दवाखाना. तिथे फिलोमिना सिस्टर नावाच्या उंच, करड्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी आम्हाला उभंच ठेवलं.

"हा कोर्स करून तुम्ही नर्स होणार नाही," त्या म्हणाल्या. "आधीच सांगते. रुग्णसहायक व्हाल. सर्टिफिकेट आमच्या सहीचं, सरकारच्या नाही. नर्सचा पगार नाही, टोपी नाही. रविवारी वॉर्डात काम, फुकट. पहिले महिने बेडपॅन आणि चादरी. अर्ध्या बायका सोडून जातात."

फी इथे खूपच कमी होती. बाहेर पडल्यावर मला वाटलं, प्रश्न सुटला. पण कुसुमताईंचं तोंड उतरलं होतं.

"ही बाय मना घ्यायला बघत नाय," त्या म्हणाल्या.

"अहो, तिने खरं ते सांगितलं."

"तुमी कवा लिलावात उभं राह्यलाव? नाय ना? सोताच्या मासलीला कोन नावां ठेवतो? ज्याला ती दुसऱ्याला द्यायची असते तो. 'नको घेऊ गो, नरम हाय,' असा बोलतो, आनी आपून पुढं गेलो का मागून सगली पाटी आपल्या सोयऱ्याला देतो. या बायनं कोनातरी सोयऱ्याधायऱ्यांच्या पोरींसाठी जागा राखल्यात. म्हनून मना भिववते."

"आणि तो डायरेक्टर?"

"तो इकायला बसलाय. इकनारा आपल्या मालाचा गुन गानारच. त्यात खोटा काय?"

करंजाच्या बंदरावर हा हिशोब बिनचूक असेल, त्याच्या जोरावर त्यांच्या आईने संसार केला होता. दवाखान्यात तो लागू पडतो की नाही हे मला सांगता येईना. इतकी वर्षं पुस्तकं वाचूनही अशा वेळी उपयोगी पडेल असं एक वाक्य मला आठवलं नाही. आठवड्याभराने कुसुमताई एकट्याच बॅटरीच्या दुकानावर गेल्या आणि डायरेक्टर सरांच्या टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "ठरला."

टेबलावर ठेवलेल्या त्या हाताचा अर्थ मला नंतर कळला. त्यांच्या आईचा नियम होता की पाटीला हात लावला की माल आपला. तळाशी कुजका निघाला तरी आपला. परत करायचा नाही, भांडायचं नाही, त्या होडीकडे पुन्हा जायचं नाही, इतकंच. म्हणून पहिल्या महिन्यातच तळ दिसू लागला तरी कुसुमताई जात राहिल्या. संध्याकाळी कारखान्याची बस बाजाराशी उतरवायची, त्या पांढरा युनिफॉर्म घालून तो अरुंद जिना चढायच्या. युनिफॉर्म संस्थेतूनच घ्यायचा होता. टोपीही. शिकवायला भिंतीवर सांगाड्याचं एक चित्र आणि एक प्लास्टिकचा रुग्ण होता, ज्याचा डावा हात सारखा निखळायचा. इंजेक्शन मोसंब्याला द्यायला शिकवत. वर्ग सुटल्यावर ती मोसंबी कुठे जात, हे कोणी विचारलं नाही. खऱ्या रुग्णाजवळ नेणार, असं दर महिन्याला सांगत. तेही प्रोसेसमध्ये होतं.

"सोडा ना," मी म्हणायचो. "अजून वयाच्या अटीत बसता. निदान ट्रस्टकडे तरी जा."

"हात लावलाय, कर्णिकभाऊ."

"अहो, ही काय मासळी आहे?"

"मासली असती तर बरा होता. दुसऱ्या दिवशी वास तरी आला असता."

अशात वर्ष सरलं. सरकारी कोर्सची वयाची अट कधी मागे पडली ते आम्ही दोघंही मुद्दाम बोललो नाही. पुण्याचा माणूस अजून आला नव्हता, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा.

मग संस्थेच्या परिचारिकांचा शपथविधी आला. पनवेलमध्ये त्या काळी कुठलाही समारंभ हा मुळात सत्कार असे, निमित्त फक्त वेगळं. हॉल भाड्याने घेतला होता. एप्रिलचा उकाडा, पंखे दमलेले, आणि प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक पुढारी, जे चांगलेच उशिरा आले. पहिल्या रांगेत पांढऱ्या युनिफॉर्ममधल्या वीसेक मुली आणि त्यांच्यात वयाने सगळ्यांत मोठ्या कुसुमताई. मागच्या रांगेत मी, दामोदर आणि त्यांची मुलगी. दीपप्रज्वलन झालं. हार झाले, शाल झाली, श्रीफळ झालं, पुन्हा हार झाले. पाहुणे 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' यावर बोलायला उभे राहिले. थोड्या वेळाने ते एकच वाक्य दोनदा बोलले. मग तिसऱ्यांदा अर्धंच बोलले आणि हारांसकट खुर्चीत कोसळले.

क्षणभर हॉलला वाटलं, हा भाषणाचाच भाग आहे. मग डायरेक्टर सर ओरडले, "मुलींनो, बघताय काय?"

मुली धावल्या. एकीने पाहुण्यांचे पाय वर उचलले, दुसरीने डोकं वर उचललं, त्यामुळे मधला भाग खाली गेला. एक कार्यक्रमपत्रिकेने वारा घालू लागली. एक तळव्यांना चोळू लागली. एक रडू लागली. डायरेक्टर सरांनी मात्र माईक सोडला नव्हता. "घाबरू नका," ते म्हणाले, "आपल्या प्रशिक्षित परिचारिका उपचार करत आहेत." कुसुमताई गुडघ्यावर बसून, शिकवल्याप्रमाणे पाहुण्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होत्या. सरांनी माईक त्यांच्यासमोर धरला. "सिस्टर, लोकांना सांगा, काय झालंय?"

त्यांची टेलिफोनवरची भाषा आता उपयोगाला येईल असं मला वाटलं. गोड आवाजात चार शब्द, की झालं. पण माईकमधून आली ती करंजा.

"मना कलत नाय," कुसुमताई म्हणाल्या. "यांना काय झाला त्ये मना कलत नाय. या पोरींनाबी कलत नाय. वरीसभर शिकलो आमी, पन आमाला यातला काय येत नाय. इथं कोन खरा डॉक्टर असल तर या, नायतर कोनीतरी धावत जा."

दामोदर उठला आणि धावत गेला. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांना तो जेवणाच्या ताटावरून घेऊन आला. पाहुण्यांना साखरेचा आजार होता, सकाळी गोळी घेतली होती आणि समारंभांच्या धावपळीत पोटात काही गेलं नव्हतं, त्यामुळे साखर एकदम खाली आली होती. त्यांना साखर देण्यात आली. पुढारी हे टिकाऊ असतात. अर्ध्या तासाने ते उठले आणि राहिलेलं भाषण पूर्ण केलं.

कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या जिन्यापाशी डायरेक्टर सरांनी कुसुमताईंना गाठलं. "मॅडम, तुम्ही संस्थेची इज्जत घालवलीत. असं माईकवर बोलतात का? तुम्हाला काही अडचण होती तर मला सांगायचं. डिप्लोमा मी आजसुद्धा देतो, परीक्षासुद्धा नको."

कुसुमताईंनी टोपी काढली आणि तिच्या पिना एकेक करून स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. पिना त्यांच्या होत्या. टोपी सरांच्या हातात दिली.

"सर, हात मीच लावला होता. आज मीच काढते. माझी आय असती तर शिव्या घातल्या असत्या मना." मग जरा थांबून, एकदम टेलिफोनच्या आवाजात, "आपण आत जा, बाहेर फार गर्दी आहे."

घरी जाताना त्या रिक्षात रडल्या. मुलगी म्हणाली, "आई, तू खोटं नाही ना बोललीस?" त्या म्हणाल्या, "खरा बोल्ली म्हनूनच ना गो. खोटा बोलते तर आज डिप्लोमा घेऊन आयली असते." दामोदर पुढे बसला होता. रिक्षावाल्याला त्याने वाटेत थांबवून सगळ्यांसाठी वडे घेतले.

दुसऱ्या सोमवारी त्या ट्रस्टच्या दवाखान्यात गेल्या. फिलोमिना सिस्टरांच्या कानावर सगळं आलेलं होतं. पनवेल त्या वेळी एवढंसंच होतं. सिस्टरांनी विचारलं, "वर्षभर काय शिकलात?" कुसुमताई म्हणाल्या, "मोसंब्याला इंजेक्शन." सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही, असं कुसुमताईंनी मला सांगितलं, पण त्यांनी या वेळी बसायला खुर्ची दिली. आणि पहिल्या संध्याकाळीच चादरी.

पुढचं वर्षभर मी प्लायवूडच्या भिंतीपलीकडून त्यांचं शिक्षण ऐकत होतो. "कर्णिकभाऊ, मानूस अंगानं हलका असतो पन झोपल्यावर जड होतो, यो काय प्रकार?" किंवा, "काल एक म्हातारी मना चावली. सिस्टर बोलली, चांगला लक्षन हाय, दात हायत." अर्ध्या बायका सोडून गेल्या, सांगितल्याप्रमाणे. कुणा सोयऱ्याधायऱ्यांसाठी जागा राखलेल्या नव्हत्या, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. पण त्यावर त्यांचा विश्वास पूर्ण बसला नव्हता. "असा कसा इकते ती बाय," त्या पुनःपुन्हा म्हणायच्या. "एवढी नावां ठेवून पन गिऱ्हाईक टिकतो कसा?" अखेर पुण्याचा माणूस आला, पेटी जोडली गेली. त्यानंतर आमच्या कारखान्याला फोन केला की आधी एक शिट्टी ऐकू यायची आणि मग काहीच नाही. कुसुमताई त्याच दवाखान्यात रुग्णसहायक म्हणून लागल्या. पगार कारखान्यापेक्षा कमी. नर्सचं रजिस्ट्रेशन नाही, पुढे बढती नाही. हे सगळं त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

काही वर्षांनी मी पुण्याला बदलून गेलो. जाण्याआधी निरोप घ्यायला दवाखान्यात गेलो, ते भेटीच्या वेळेत. त्या वॉर्डातून हात पुसत बाहेर आल्या. पांढऱ्या साडीवर हळदीसारखा एक डाग होता. आम्ही बाकावर बसलो. दामोदरचं, मुलीचं झालं. मुलगी बारावीला होती, आणि तिला सरकारी नर्सिंगला घालायचं चाललं होतं, होस्टेलसकट.

"कर्णिकभाऊ," त्या मध्येच म्हणाल्या, "तुमी येवढा वाचता म्हनून इचारते. तवा अलिबागचा ऐकला असता, होस्टेलात गेलो असतो, तर आज पक्की नर्स असतो ना मी? पोरीनं तरी काय केला असता, चार दिस रडली असती. का त्यो डायरेक्टरचा पहिल्याच दिवशी सोडायला होवा होता? का ह्योच बरोबर झाला? मना अजून कलला नाय. रातीला मधीच जाग येते तवा त्योच इचार."

मी खरोखर विचार करू लागलो. होस्टेलात गेल्या असत्या तर पगार बुडाला असता, पण पेटी तर तशीही बसणार होती. पहिल्या दिवशी डायरेक्टरला सोडलं असतं तर वयाच्या अटीत बसल्या असत्या, पण नोकरी सुटली असती. एका बाजूने पाहिलं तर एक, दुसऱ्या बाजूने दुसरं. मी तोंड उघडलं.

आतून कोणीतरी "बाई, अहो बाई" अशी हाक मारली. हाक फार मोठी नव्हती. कुसुमताई उठून आत गेल्या, आणि त्या गेल्यावर आतला आवाज थांबला. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या कोणाची तरी उशी सारखी करत होत्या आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. कोणत्या भाषेत, ते ऐकू आलं नाही.

मी बराच वेळ बाकावर बसलो. उत्तर जवळजवळ जुळत आलं होतं, आणि पुन्हा विस्कटत होतं. त्या काही परत बाहेर आल्या नाहीत. भेटीची वेळ संपली तेव्हा वॉचमनने मला उठवलं आणि कोणाला भेटायचंय ते विचारलं. मी म्हटलं, झालं माझं.